स्रोतसंहिता आणि चालती प्रत : ओपनएसएसएलच्या कंपायलेशनाची एक चिकित्सा

मुक्तस्रोत आज्ञावलींचे पुरस्कर्ते एक विधान वारंवार करीत असतात. ज्या आज्ञावलीचा सोर्स कोड, म्हणजे स्रोतसंहिता, कोणासही वाचावयास खुली आहे, ती बंदिस्त आज्ञावलीपेक्षा अधिक विश्वासार्ह होय. आणि ज्यास पूर्ण खात्री हवी असेल त्याने ती संहिता स्वतः कंपाइल करून वापरावी, असे ते विधान आहे. कूटलेखनाच्या, अर्थात क्रिप्टोग्राफीच्या, लायब्ररींसंबंधी तर ते सिद्धांताच्या थाटात मांडले जाते. त्याचा पूर्वार्ध बव्हंशी मान्य करण्याजोगा आहे. उत्तरार्धात मात्र दोन भिन्न वस्तूंची गल्लत झालेली दिसते. वाचली जाते ती संहिता आणि यंत्रावर चालते ती प्रत यांच्यामध्ये एक क्रिया घडत असते. ती केवळ नकलनविसाची क्रिया नाही, आणि निःपक्षपातीही नाही. या क्रियेचे स्वरूप तपासल्यावाचून ‘खुलेपणा’ या शब्दावर किती भार टाकता येईल हे ठरविता येत नाही.

या तपासणीस ओपनएसएसएल ही लायब्ररी विशेष सोयीची आहे. एरिक यंग व टिम हडसन यांच्या एसएसएलईएवाय या पूर्वीच्या लायब्ररीच्या आधारे डिसेंबर १९९८ मध्ये तिचा प्रकल्प सुरू झाला. आंतरजालावरील संदेशांचे रक्षण करणाऱ्या टीएलएस या शिष्टाचाराची ती एक सर्वांत प्रसृत अंमलबजावणी आहे. शिवाय तिच्या इतिहासातील अपघात तारीखवार नोंदलेले असल्यामुळे त्यांची चिकित्सा कल्पनेवर विसंबून करावी लागत नाही.

कूटलेखनात मुळात संहिता खुली ठेवण्याचा आग्रह का, हे प्रथम पाहिले पाहिजे. १८८३ मध्ये ऑगस्ट केरकॉफ्स याने लष्करी कूटलेखनावरील आपल्या निबंधात असे प्रतिपादिले की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली. हा केरकॉफ्स व्यवसायाने भाषांचा अध्यापक होता आणि वोलाप्यूक या कृत्रिम भाषेच्या प्रसारकांत त्याचे नाव अग्रभागी होते, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या तत्त्वाचा विरुद्ध दाखला मराठीतच सापडतो. महानुभावांच्या सकळ लिपीत अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजिलेले असे. तेथे पद्धती हीच किल्ली होती. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती पद्धती उकलताच एका पोथीचे नव्हे, तर त्या लिपीतील साऱ्या पोथ्यांचे रहस्य एकदम खुले झाले. वाङ्मयाच्या दृष्टीने ते भाग्यच म्हणावयाचे. कूटलेखनाच्या दृष्टीने तो संपूर्ण पराभव होय. आधुनिक लायब्ररी आपली पद्धती झाकीत नाही याचे कारण हे आहे. यात औदार्याचा भाग थोडा आणि शास्त्राचा अधिक.

येथे परिभाषेविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. ‘कंपाइलर’ला मराठीत ‘संकलक’ असा प्रतिशब्द रूढ करण्यात आला, व त्यावर ‘हे यंत्र संकलन करीत नाही, भाषांतर करीत असते’ असा आक्षेप घेता येतो. आक्षेप आजच्या वस्तुस्थितीस धरून आहे. परंतु शब्दाच्या इतिहासास धरून नाही. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर हिने ए-० ही प्रणाली रचली तेव्हा फितीवर साठविलेल्या तयार उपआज्ञावली क्रमाने वेचून एकत्र आणणे हेच तिचे मुख्य कार्य होते. तेव्हाचा कंपाइलर खरोखरच संकलक होता. पुढे भाषांतराचे काम त्याच नावाखाली आले, आणि वेचून जोडण्याचे काम ‘लिंकर’ या निराळ्या साधनाकडे गेले. शब्द जागेवर राहिला, अर्थ सरकला. हा अर्थसंकोच आहे की अर्थांतर, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. मात्र ‘संकलक’ या शब्दामुळे मराठी वाचकाच्या मनात ‘जे होते तेच एकत्र केले’ अशी जी निरुपद्रवी प्रतिमा उभी राहते ती दिशाभूल करणारी आहे. म्हणून पुढील विवेचनात ‘कंपाइलर’ हाच शब्द योजिला आहे.

ओपनएसएसएल स्रोतापासून सिद्ध करण्याचा विधी वरवर पाहता चार आज्ञांचा आहे : कॉन्फिगर, मेक, मेक टेस्ट व मेक इन्स्टॉल. यांपैकी दुसऱ्या आज्ञेस बहुतेक वेळ लागतो, म्हणून तीच मुख्य असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः निर्णायक गोष्टी पहिल्याच आज्ञेत उरकल्या जातात. कॉन्फिगर ही पर्ल भाषेतील आज्ञावली आहे. कोणत्या यंत्रासाठी प्रत काढावयाची, कोणते भाग घ्यावयाचे, कोणते गाळावयाचे, हे तिला सांगावे लागते. न सांगितल्यास ती स्वतःच्या संकेतानुसार ठरविते. या विकल्पांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘नो-एसएसएल३’, ‘नो-शेअर्ड’, ‘नो-एएसएम’ असे निषेधवाचक, आणि ‘एनेबल-’ने आरंभ होणारे विधिवाचक, असे त्यांचे दोन वर्ग आहेत. एखाद्या गोष्टीस कोणते उपपद लागते यावरून ती गोष्ट आज गृहीत आहे की अपवाद आहे हे कळते. एसएसएल या शिष्टाचाराची तिसरी आवृत्ती एके काळी गृहीत होती; २०१४ मध्ये तिच्यातील दोष उघड झाला, आणि २०१६ च्या १.१.० या आवृत्तीपासून ती हवी असल्यास मुद्दाम मागावी लागू लागली. दुर्बल कूटपद्धती हव्या असणाऱ्यास तर ‘एनेबल-वीक-एसएसएल-सायफर्स’ असे स्पष्ट लिहावे लागते. मागणाऱ्याने आपल्या मागणीचा दोष स्वतःच्या तोंडाने उच्चारावा, अशीच ही योजना आहे. संहितेच्या आत मात्र या सर्व निवडी एकाच साच्यात बसविलेल्या असतात : ‘अमुक नको असे सांगितलेले नसेल, तर पुढील मजकूर घ्यावा.’ म्हणजे प्रत्येक भागाचे अस्तित्व द्विगुणित निषेधावर उभे आहे. जो केवळ संहिता वाचतो त्यास हे ‘नको’ कोठे सांगितले गेले वा सांगितले गेले नाही ते कळत नाही. ते प्रत काढणाऱ्याच्या आज्ञेत असते.

आणखी एक गोष्ट. या लायब्ररीतील एईएस, शा इत्यादी वेगाने चालावयाच्या क्रियांचा असेंब्ली भाषेतील मजकूर बव्हंशी स्रोतात थेट लिहिलेला नसतोच. तो पर्लमधील आज्ञावली प्रत्येक यंत्रजातीनुसार, कंपायलेशनाच्या वेळी लिहून काढतात. ‘मूळ संहिता’ म्हणून जी दाखविली जाते तिचा एक भाग संहिता लिहिणारी संहिता आहे. ‘नो-एएसएम’ म्हटल्यास हा भाग बाजूस राहून शुद्ध सी भाषेतील पर्याय घेतला जातो. तो वाचावयास सोपा, पण पुष्कळदा मंद असतो. तेव्हा एकाच संग्रहातून निघणाऱ्या प्रतींना ‘ओपनएसएसएल’ हे एकच नाव देणे हा सोयीचा व्यवहार आहे. शास्त्रीय दृष्ट्या तो पाठपरंपरांचा समूह म्हटला पाहिजे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण डेबियन या लिनक्स वितरणातील आहे. ओपनएसएसएलच्या यादृच्छिक-संख्या निर्माण करणाऱ्या भागात एक ओळ दोन ठिकाणी अक्षरशः सारखी आली होती. बफरमधील मजकूर मिश्रणात मिसळावा, एवढाच तिचा शब्दार्थ. दुसऱ्या ठिकाणी हा बफर फल लिहिण्यासाठी आलेला असे. त्यात आधी जे काही पडलेले असेल ते जाता जाता मिसळून घ्यावे, मिळाला तर तेवढाच लाभ, असा तेथे हेतू होता. पहिल्या ठिकाणी मात्र त्याच ओळीने खरे बीज, ज्यावर किल्लीची अगम्यता अवलंबून असते ते, आत घेतले जात असे. स्मृतीतील दोष दाखविणारे व्हॅलग्रिंड हे साधन ‘येथे अद्याप न लिहिलेल्या जागेचे वाचन होत आहे’ अशी तक्रार करी. दुसऱ्या ठिकाणच्या ओळीभोवती, अशा साधनांनी तक्रार केल्यास ती वगळण्याची सोय मूळ लेखकांनीच केलेली होती. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीत दोन्ही ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. तक्रार थांबली, आणि तिच्याबरोबर बीजही थांबले. मिश्रणात फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक उरला. हा क्रमांक सामान्यतः ३२,७६८ या मर्यादेच्या आत असतो. म्हणजे एका यंत्रजातीवर व एका लांबीच्या निर्माण होऊ शकणाऱ्या किल्ल्या मोजून, लिहून ठेवता येतील इतक्या थोड्या झाल्या. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर होईपर्यंत सुमारे वीस महिने डेबियन व तज्जन्य वितरणांवर, उदाहरणार्थ उबुंटूवर, अशा किल्ल्या निघत राहिल्या.

या प्रकरणाचे खापर एका दुरुस्तीकाराच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. त्याने ओपनएसएसएलच्या विकासकांपुढे तशी पृच्छा केली होती व तीस स्पष्ट विरोध झालेला नव्हता. शिवाय दुरुस्ती गुप्त नव्हती. ती कोणासही वाचता येत होती. दोष वाचनाच्या रीतीत होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तिच्या कार्यातून मराठी अभ्यासकास एक नियम परिचित आहे : दोन पाठांपैकी जो क्लिष्ट तो सामान्यतः अधिक प्राचीन, कारण लेखक सोप्याचे कठीण करीत नाहीत, कठिणाचे सोपे करितात. व्हॅलग्रिंडची तक्रार हे क्लिष्टतेचे चिन्ह होते. ते अशुद्धतेचे चिन्ह समजले गेले. दुसरा दोष भाषाशास्त्रज्ञास अधिक जवळचा आहे. दोन ठिकाणचे उच्चारण एक म्हणून त्यांचे कार्यही एक असे धरले गेले. वाक्याचा अर्थ त्याच्या शब्दांत संपत नाही, प्रसंगही त्यास लागतो, हे पहिल्या वर्गात शिकविले जाते. परंतु यंत्रभाषांना प्रसंग नसतो अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते.

हा दोष मनुष्याने केला. कंपाइलर स्वतः असाच ‘शहाणपणा’ नियमाने करीत असतो, आणि तो दोष मानला जात नाही. सी भाषेच्या मानकानुसार कंपाइलरास संहिता शब्दशः पाळण्याचे बंधन नाही. बाहेरून दिसणारे वर्तन राखले म्हणजे पुरे. आता एखादी किल्ली वापरून झाल्यावर ती स्मृतीतून पुसावी म्हणून लेखकाने तेथे शून्ये भरण्याची आज्ञा लिहिली, असे समजा. त्या जागेचे पुढे वाचन होत नसेल तर कंपाइलरच्या मते ही आज्ञा निरर्थक ठरते, व तो ती गाळू शकतो. त्याने अर्थ राखला, अभिप्राय टाकला. लेखकाचा सगळा अभिप्राय मात्र नंतर कोणी चोरून वाचील या भयात होता, आणि ते भय भाषेच्या अर्थव्यवस्थेबाहेरचे आहे. म्हणून ओपनएसएसएलमध्ये पुसण्यासाठी ‘ओपनएसएसएल क्लीन्स’ ही स्वतंत्र क्रिया ठेवली आहे. तिच्या सी भाषेतील रूपात पुसण्याची आज्ञा थेट न देता अशा एका आडवाटेने दिली जाते की, कंपाइलरास तिचे फल आधी ओळखता येऊ नये. भाषांतरकाराने गाळू नये म्हणून लेखकाने वाक्य मुद्दाम दुर्बोध करावे, असा हा प्रकार आहे.

कालमापनाच्या हल्ल्यांबाबतही हेच घडते. १९९६ मध्ये पॉल कोचर याने दाखविले की, गणितास लागणाऱ्या वेळातील फरकावरून किल्ली काढता येते. तेव्हापासून गुप्त अंकानुसार वाट बदलू नये अशा रीतीने संहिता लिहिण्याची शिस्त पडली. २०२४ मध्ये कायबर या नव्या पद्धतीच्या आदर्श संहितेसंबंधी असे आढळले की, लेखकांनी कटाक्षाने वाट न फोडता लिहिलेल्या ठिकाणी क्लँग हा कंपाइलर काही विकल्पांखाली पुन्हा वाट फोडीत होता. संहिता निर्दोष, प्रत सदोष. संहिता कितीही जणांनी कितीही वेळा वाचली असती तरी हा दोष त्यांस दिसला नसता, कारण तो संहितेत नव्हताच.

२०१४ च्या हार्टब्लीड प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली असल्याने येथे थोडक्यात उल्लेख पुरे. मार्च २०१२ च्या १.०.१ या आवृत्तीत आलेल्या या दोषामुळे, ‘हा शब्द परत पाठवावा, त्याची लांबी इतकी आहे’ असे सांगणाऱ्याची लांबीविषयीची साक्ष न तपासता स्वीकारली जात असे, आणि प्रत्येक वेळी ६४ किलोबाइटपर्यंत परकी स्मृती त्याच्या हाती पडे. एप्रिल २०१४ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा ज्यांस नवी आवृत्ती घेणे शक्य नव्हते त्यांस हार्टबीटचा भाग वगळून जुनीच संहिता पुन्हा कंपाइल करण्याचा उपाय सांगितला गेला. अर्थात ज्यास प्रत स्वतः काढता येत होती त्याच्या हाती उपाय होता. इतरांस वाट पाहावी लागली. कंपायलेशनाच्या बाजूने निर्विवादपणे म्हणता येईल असे हे एक प्रमाण आहे, आणि ते विश्वासाचे नसून सामर्थ्याचे आहे.

‘स्वतः कंपाइल करा म्हणजे निर्धास्त राहा’ या वचनास खरा धक्का २०२४ च्या एक्सझेड प्रकरणाने दिला. एक्सझेड ही कूटलेखनाची नव्हे, तर मजकूर दाबून लहान करण्याची साधने. परंतु काही लिनक्स वितरणांत तिची लायब्ररी दूरस्थ प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच सेवेशी अप्रत्यक्षपणे जोडली जात असे. ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घुसविलेला मजकूर तेथे जाऊन ओपनएसएसएलच्या लायब्ररीतील आरएसए तपासणीच्या एका क्रियेची जागा बळकावीत असे. तो कंपायलेशनातून आत आला. सर्वांसमोर असलेल्या संग्रहात चाचणीच्या फायली म्हणून दोन निरर्थक दिसणारे मजकूर होते. त्यांतून विष काढून मिसळणारी ओळ मात्र संग्रहात नव्हती; ती वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातील बांधणीच्या लेखात होती. तीही सदासर्वदा जागी होत नसे. ६४-बिट इंटेल जातीच्या यंत्रावर, लिनक्ससाठी, डेबियन अथवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे असे दिसले तरच ती जागी होई. म्हणजे जो जिज्ञासू आपल्या घरी प्रत काढून तपासील त्यास शुद्ध प्रत मिळावी, आणि जो लाखोंसाठी प्रत काढतो त्यास दूषित मिळावी, अशी ती रचना होती. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड याने हे जाहीर केले. त्यास ते संहिता वाचून सापडले नाही; प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे लक्षात आल्याने त्याने मागोवा घेतला. संहिता वाचनास खुली नसती तर तो मागोवा पुरा झाला नसता, हेही तितकेच खरे आहे. खुलेपणाने दोष प्रकट केला नाही. संशय उत्पन्न झाल्यावर तो पुढे नेण्यास वाट दिली.

या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केन थॉम्पसन याने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात मांडला होता. दूषित कंपाइलर आपला दोष पुढील कंपाइलरच्या प्रतीत, त्याच्या संहितेत काहीही चिन्ह न ठेवता, उतरवू शकतो. डेव्हिड व्हीलर याने २००५ मध्ये व नंतर २००९ च्या प्रबंधात यावर जो प्रतिकार सुचविला तो पाठचिकित्सकास ओळखीचा वाटेल : परस्परांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कंपाइलरकडून प्रत काढावी, तिच्याकरवी पुन्हा प्रत काढावी, आणि दोन्ही परंपरांचे फल अक्षरशः जुळते का ते पाहावे. स्वतंत्र शाखांतील एकमत हे मूळ पाठाचे गमक, हाच तो न्याय. भेद इतकाच की, पोथ्यांच्या बाबतीत मूळ हरवलेले असते व प्रती उरतात. येथे मूळ समोर असते आणि प्रतीविषयीच शंका असते.

असे जुळविणे शक्य व्हावे यासाठी ‘पुनरुत्पादनीय बांधणी’ची चळवळ डेबियनसारख्या वितरणांत चालू आहे. एकाच संहितेतून, त्याच साधनांनी, कोणीही प्रत काढली तरी शेवटच्या बाइटपर्यंत ती सारखी यावी हा तिचा उद्देश. ‘मी कंपाइल केले’ या वैयक्तिक खात्रीस ती फारसे मोल देत नाही. अनेकांनी अलग अलग कंपाइल करून फल ताडून पाहावे असे म्हणते. वर चर्चिलेल्या सर्व उपायांत हा एकच उपाय विधानाच्या उत्तरार्धास काही आधार देतो. अर्थात एक्सझेडसारखे विष सर्वांच्या हाती आलेल्या गठ्ठ्यातच असेल, तर सर्वांच्या प्रती जुळतील आणि सर्वच दूषित असतील. म्हणून गठ्ठा संग्रहाशी ताडून पाहणे हे निराळे काम उरतेच.

विद्यापीठीय संशोधनात या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. ‘प्रयोगासाठी ओपनएसएसएल वापरले’ एवढेच लिहिण्याची रीत प्रबंधांतून दिसते. हस्तलिखिताचा क्रमांक न देता ‘ज्ञानेश्वरीत असे म्हटले आहे’ असे लिहिणाऱ्यास पाठचिकित्सक जे विचारतो तेच येथे विचारले पाहिजे : कोणत्या प्रतीत? एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या, की तिच्या बाहेरच्या? आणि पुष्कळदा उत्तर अनपेक्षित येते. स्वतः काढलेली प्रत ‘/यूएसआर/लोकल’ या संकेतस्थानी जाऊन बसते, वितरणाबरोबर आलेली जुनी प्रत आपल्या जागी राहते, आणि आज्ञावली चालू होताना लायब्ररी शोधणारे साधन जुनीच उचलते. कष्टाने प्रत काढणाऱ्याने ती चालविलेलीच नसते. ‘एलडीडी’ या आज्ञेने हे दोन क्षणांत तपासता येते. तरी ते क्वचित तपासले जाते.

प्रतीस स्वतःचीही पुष्पिका असते. ‘ओपनएसएसएल व्हर्जन -ए’ अशी आज्ञा दिल्यास आवृत्ती, बांधणीचा दिवस, यंत्रजाती, कंपाइलर व त्याचे विकल्प आणि व्यवस्थेच्या फायलींचे स्थान इतके मुद्रित होते. प्रबंधाच्या परिशिष्टात एवढा मजकूर उतरविण्यास अर्धे पान पुरेसे आहे. या पुष्पिकेतील दिवस मात्र शब्दशः घेऊ नये. पुनरुत्पादनीय बांधणीत सर्वांच्या प्रती जुळाव्यात म्हणून तो बाहेरून नेमून दिलेला असतो; त्यामुळे पुण्यात आज निघालेली प्रतही संहितेच्या प्रकाशनाचाच दिवस सांगेल. आणि पुष्पिका लिहिणारा हात प्रत काढणाऱ्याचाच असल्याने, दूषित प्रतीची पुष्पिकाही शुद्ध प्रतीसारखीच वाचली जाते.